बाटलीचा पंचनामा

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रात सेंद्रिय नावाचा एक पेपर असतो आणि तोच सगळ्यांत अवघड असतो, हे मी बोथला घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सेंद्रिय म्हंजे शेणखताचंच ना? त्याच्यासाठी आदिलाबादले काऊन जा लागते? उकिरडा तं आपल्या घरामागंच हाय." बाबा तहसील कचेरीत कारकून होते. थट्टा करतानाही त्यांचा चेहरा दाखला लिहून देत असल्यासारखा असे. त्यामुळे ते खरंच विचारत होते की माझी फिरकी घेत होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी त्यांना कार्बन, त्याचे चार हात, त्या हातांनी धरलेले दुसरे कार्बन असं काहीबाही समजावू लागले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, चार हातांचा एखादा माणूस आमच्या कचेरीत मिळाला असता तर बरं झालं असतं. आता आदिलाबादच्या बाजारात 'ऑरगॅनिक' गूळ आणि 'ऑरगॅनिक' तूरडाळ काचेच्या कपाटात मांडलेली दिसते, तेव्हा वाटतं, शेवटी बाबाच बरोबर निघाले. मी जन्मभर जे सेंद्रिय शिकवलं ते कुणाच्या लक्षात नाही, आणि उकिरड्याला मात्र चांगले दिवस आले.

मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला आत्याकडे राहून शिकले. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. लग्न तिनं केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं न्हाणी आणि अंबाडीचा एक वाफा. हैदराबाद-नागपूर रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर. मोठा ट्रक गेला की फडताळातली भांडी आपसांत बोलू लागत. सकाळी आत्याची बुद्धवंदना, मग शेजारच्यांच्या रेडिओवरची तेलुगू गाणी, मग परातीत भाकर थापल्याचा आवाज, या क्रमात सहसा फरक पडत नसे. मी त्या थापण्याच्या तालावर मोठ्यानं पाठांतर करायची. नायट्रेशन, सल्फोनेशन, हॅलोजनेशन. वर्षभरात ते आत्यालाही पाठ झालं आणि मी कुठं अडखळले की ती तव्यावरची भाकर उलटत पुढचा शब्द सांगायची. अर्थ तिला कळत नव्हता. मलाही कळत नव्हता, पण फी माझी भरलेली होती. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर फोडणीचं तेल आणि लसणाचा ठेचा, हे आमचं जेवण. तेच डब्यात. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी पद्मा तिच्या डब्यात त्याच पाल्याची पचडी आणायची आणि तिला गोंगूरा म्हणायची. आम्ही रोज डबे बदलायचो आणि आपल्यापेक्षा दुसरीचं चांगलं लागतं यावर दोघींचं एकमत होतं.

बोथच्या मराठी शाळेतून मी आले होते. कॉलेजात पुस्तक इंग्रजीत, समजावणं तेलुगूत, आणि मुलं आपसांत हिंदीत. सूर्यनारायण सर समुद्राकाठच्या जिल्ह्यातून बदलून आलेले, उंच, किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग असलेले. ते डोळे मिटून शिकवत. बेंझीनचा षट्कोन फळ्यावर काढायचे, खडू ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तास संपेपर्यंत इंग्रजीत सांगत राहायचे. आम्ही लिहून घ्यायचो. मध्येच डोळे उघडून "अर्थमैंदा?" म्हणजे कळलं का, असं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा मिटायचे. मला तेलुगू कळू लागलं तोवर दुसरं वर्ष आलं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षाची माझी समजूत अशी की 'अर्थमैंदा' हे एखाद्या संयुगाचं नाव असावं. ही गोष्ट मी पुढं वर्गात माझ्या विद्यार्थ्यांना विनोद म्हणून सांगायची. ते हसायचे, आणि मग माझ्या लक्षात यायचं की मीही बोलताना डोळे मिटले आहेत.

सेंद्रिय रसायन आम्ही कसं शिकलो, तर पाठ करून. प्रात्यक्षिकसुद्धा पाठ करून. प्रयोगशाळेत एका नळीत अनोळखी पदार्थ देतात आणि तो कोणता हे एकामागून एक कसोट्या करून ओळखायचं असतं. निदान पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. आमच्याकडे पदार्थ वाटायचं काम राजन्ना करायचा. तो प्रयोगशाळेचा शिपाई, मोठ्या मिशांचा आणि मनानं मऊ. मुलं नापास झाली की त्याला स्वतःलाच कमीपणा वाटे. नळी हातात देताना तो दुसरीकडे बघत "बिड्डा" म्हणायचा, म्हणजे लेकरा, आणि पाठोपाठ पदार्थाचं नाव पुटपुटायचा. त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. त्याच्या लेखी ते पुण्य होतं. नाव कळलं की त्या पदार्थाच्या सगळ्या कसोट्या पाठ असलेल्या क्रमानं उतरवून काढायच्या. काय दिसलं, कोणता रंग आला, सगळं लिहायचं, आणि बर्नर पेटवायचा तो फक्त काहीतरी चालू आहे असं वाटावं म्हणून. सूर्यनारायण सरांना हे माहीत होतं का? डोळे मिटलेल्या माणसाला काय माहीत असतं हे सांगणं कठीण.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. राजन्नानं पहिल्या बाकापासून नळ्या वाटायला सुरुवात केली. मी वाघमारे. इंग्रजी बाराखडीत आमचं घराणं सगळ्यांत शेवटी, म्हणून माझी जागा शेवटच्या बाकावर, गळक्या नळापाशी. माझ्या आधी पद्मा. राजन्ना तिच्यापर्यंत पुटपुटत आला आणि तेवढ्यात परीक्षक आत शिरले. माझी नळी त्यानं नुसती हातात दिली आणि खाली मान घालून निघून गेला. पद्मा चांगली मुलगी. तिनं चिमटा उचलायच्या निमित्तानं माझ्याकडे झुकून सांगितलं की बेंझॉइक आम्ल आहे, सगळ्यांना तेच आहे. तिथंच प्रश्न संपायला हवा होता. पण बेंझॉइक आम्लाच्या कसोट्या मला नीट पाठ नव्हत्या. माझ्या सचोटीची जी काही कहाणी पुढं घरात सांगितली गेली, तिचा उगम हा इतकाच. आठवत नव्हतं म्हणून मी खरोखर कसोट्या करायला घेतल्या. पांढरे, सुईसारखे स्फटिक होते. सोडा बायकार्बोनेट घातल्यावर फसफसले, म्हणजे आम्ल हे तर ठीक. मग फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. बेंझॉइक आम्लानं फिकट मातकट साका द्यायला हवा होता. माझी नळी जांभळी झाली. साधीसुधी नाही, पिकल्या जांभळासारखी गर्द. मी नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा जांभळी. पद्मानं ते पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं की सोड, लिही. जांभळा रंग म्हणजे फिनॉलचा गट, आणि तो असलेलं आम्ल आमच्या यादीत एकच. मी लिहिलं: सॅलिसिलिक आम्ल.

निकाल लागला तेव्हा आमचा सगळा वर्ग प्रात्यक्षिकात उत्तम गुणांनी पास होता आणि मी नापास. परीक्षकांकडच्या कागदावर, ज्या बाटलीतून नळ्या भरल्या त्या बाटलीत बेंझॉइक आम्ल होतं, आणि माझ्याखेरीज सगळ्यांनी ते अचूक ओळखलं होतं. बी.एड.चा प्रवेश हातचा जाणार हे उघड होतं. आई बोथहून आली आणि दोन दिवसांत मुधोळच्या एका स्थळाचा विषय निघाला. मुलगा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. आत्या म्हणाली, मुलगा वाईट नाही, फक्त पोट्टी औषधाच्या बाटल्या ओळखू शकत नाही असं त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. आत्याची चीड अशी बाहेर पडायची. मी पडवीत बसून रडत नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण आई सगळ्यांना सांगायची की मी रडत होते. मी घोकत होते. जांभळा रंग, म्हणजे फिनॉल. जांभळा रंग, म्हणजे फिनॉल. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग बाबा आले. मी त्यांना सगळं सांगितलं, राजन्नाचं नाव वगळून. बाबांचं अर्धं आयुष्य पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या, दप्तरांत गेलेलं. जमीन कोण कसतो याला त्यांच्या खात्यात महत्त्व नसे, पहाणीत नाव कुणाचं आहे याला असे. त्यामुळे त्यांनी आधी कागदाचीच बाजू घेतली. बाटलीवर बेंझॉइक लिहिलेलं आहे आणि सगळा वर्ग तेच म्हणतो, तर तुझ्या एकटीच्या नळीला कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, मी डोळ्यांनी पाहिलंय. आत्यानं बाबांपुढं ठेवलेला चहा थंड झाला.

"कागद एक बोलते अन् मौक्यावरची जमीन दुसरंच बोलते," ते शेवटी म्हणाले, "असं झालं तं आमच्या खात्यात काय करतेत, माहीत हाय तुले?"

मी नाही म्हटलं.

"पंचनामा मांगतेत."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत छत्री धरून माझ्याबरोबर कॉलेजात आले. त्यांनी कचेरीच्या भाषेत एक अर्ज लिहून आणला होता. त्यात 'तहकीकात', 'मौका' आणि 'तनाजा', म्हणजे चौकशी, जागा आणि वाद, हे शब्द होते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीची प्रत्यक्ष पाहणी व्हावी अशी विनंती होती. एखाद्या बांधाच्या भांडणाचा अर्ज असावा तसा तो होता, फक्त गट नंबरच्या जागी बाटली. सूर्यनारायण सरांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता हसतील किंवा हाकलून देतील. त्यांनी कपाटाची किल्ली काढली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून काम करताना पाहिलं, आणि काय सुंदर हात होते त्यांचे. एकही थेंब वाया नाही, एकही नळी थरथरत नाही. परीक्षेची ती बाटली त्यांनी उघडली आणि दुसरी, सील न तोडलेली बेंझॉइक आम्लाची बाटली शेजारी ठेवली. दोन नळ्यांत दोन्हींचं द्रावण केलं, दोन्हींत फेरिक क्लोराइड टाकलं. एकीत मातकट साका बसला. दुसरी जांभळी झाली. बाबा वाकून म्हणाले, "हे तं शाईच झाली." सरांनी परीक्षेच्या बाटलीतली चिमूटभर पूड मिथाइल अल्कोहोल आणि तीव्र आम्लाबरोबर गरम केली आणि पाण्यात ओतली. खोलीभर दुखण्याच्या मलमाचा वास पसरला. बाबांनी तो ओळखला. "हा तं ताईच्या गुडघ्याचा वास हाय," ते मला म्हणाले. ताई म्हणजे आत्या, ती रोज रात्री गुडघ्याला तेच मलम चोळायची. आता काही शंका उरली नव्हती. कुणीतरी कधीतरी बेंझॉइकच्या रिकाम्या बाटलीत सॅलिसिलिक भरून ठेवलं होतं.

सर स्टुलावर बसले आणि बाबांशी हिंदीत बोलले. "आपकी बेटी का जवाब सही है. बाकी सबका गलत है. और बाकी सब पास हैं."

बाबा म्हणाले, "साब, हमारे महकमे में भी ऐसाच होता है."

प्राचार्यांना हे प्रकरण चहाच्या कपात मिटवायचं होतं. माझे गुण वाढवून घ्यावेत आणि विषय संपवावा, असं त्यांनी सुचवलं. अडले ते सूर्यनारायण सर. हिला पास केलं तर बाटलीत सॅलिसिलिक होतं हे मान्य करावं लागेल, आणि ते मान्य केलं तर बाकी साऱ्या वर्गाला त्यात बेंझॉइक कसं दिसलं हे सांगावं लागेल. हे त्यांनी प्राचार्यांपुढं अगदी प्रमेय मांडावं तसं मांडलं. मग त्यांनी स्वतः विद्यापीठाला कळवलं, चूक प्रयोगशाळेची, म्हणजे स्वतःची, असं लिहून. वर्षभरात त्यांची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. ती त्या पत्रामुळे की आपोआप, हे मला कधी कळलं नाही. विद्यापीठाचं उत्तर मात्र लवकर आलं. संपूर्ण वर्गाचं प्रात्यक्षिक रद्द, परीक्षा पुन्हा. माझं उत्तर बरोबर निघाल्याचा परिणाम असा झाला की मी पास झाले नाही, उलट बाकी सगळे नापासात माझ्या शेजारी येऊन बसले.

माझ्याशी बोलणं सगळ्यांनीच बंद केलं. हमरस्त्यावर बसची वाट बघताना वर्गातल्या मुली माझ्यापासून इतक्या दूर उभ्या राहत की कंडक्टरला वाटायचं मी वेगळ्या गावाला निघाले आहे. कुणाच्या नोकरीच्या मुलाखतीला पदवीचा कागद हवा होता, कुणाला पुढच्या प्रवेशाला. सगळ्यांत वाईट अवस्था पद्माची. तिचं लग्न ठरलं होतं, करीमनगरकडचं स्थळ, आणि पुन्हा ठरलेली परीक्षा नेमकी लग्नाच्या आदल्या दिवशी आली. सासरच्यांनी मुलगी पदवीधर आहे असं सगळ्या नात्यात सांगून ठेवलेलं, आणि आता ते लग्न मोडायची भाषा करू लागले होते. पद्मानं डबा बदलणं सोडलं. मी माझी अंबाडी एकटी खाऊ लागले आणि ती आता मला आवडेनाशी झाली. तिची आई आत्याला भाजीबाजारात भेटली आणि नुसतं एवढंच म्हणाली की तुमच्या मुलीनं आमचा मांडव उन्हात उभा केला. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, पंचनाम्यानंतर गावात असंच होत असतं, ज्याच्या बाजूनं निकाल लागतो त्याला विहिरीवर कुणी बोलवत नाही.

परीक्षेच्या दिवशी पद्मा भावाच्या स्कूटरवर आली. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडू नये म्हणून तिचे मामा दारात आडवे झाले होते म्हणे. ती पिवळीधमक होती, मनगटाला कंकण, कोपरापर्यंत हळद, आणि त्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. या वेळी राजन्नाच्या तोंडाला कुलूप होतं. त्यानं सगळ्यांना नळ्या दिल्या आणि प्रत्येकापुढं ओलावल्या डोळ्यांनी उभा राहून पुढं गेला. वर्गाची अवस्था बघण्यासारखी झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणालाही काही माहीत नव्हतं, आणि त्यामुळे पहिल्यांदाच सगळे नळीकडे बघत होते. नळीत तांबूस, तेलकट द्रव होता. थोड्या वेळानं राजन्ना आईस फॅक्टरीतून पोत्यात गुंडाळलेला, भुशानं माखलेला बर्फ घेऊन आला आणि टेबलावर फोडून ठेवला. खरं तर तिथंच पेपर फुटला होता. इतक्या थंडाव्याची गरज असलेली एकच कसोटी आमच्या अभ्यासात होती, ऍनिलीनची. पण बर्फ वाचायला अभ्यास केलेला असावा लागतो. मुलांना वाटलं, उन्हाळा आहे म्हणून सरबताची सोय केली असावी.

माझी ऍनिलीनची कसोटी चालू असताना शेजारी काहीतरी सांडलं. पद्माच्या हातावर सोडियम हायड्रॉक्साइड पडलं होतं आणि तिची हळद तळहातापासून मनगटापर्यंत लालभडक झाली होती. तिला वाटलं कातडी जळाली. मी तिला धरून गळक्या नळाखाली हात घातला, बराच वेळ पाणी सोडलं, आणि मग लाल राहिलेल्या जागेवर विरळ ऍसेटिक आम्लाचा बोळा फिरवला. हळद पुन्हा पिवळी झाली. कातडीला काही झालं नव्हतं.

"हे काय आहे?" तिनं तेलुगूत विचारलं. कितीतरी आठवड्यांनी ती माझ्याशी बोलत होती.

मी सांगितलं की हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, आम्लात परत पिवळा होतो, हे आपण दुसऱ्या वर्षी लिहून घेतलंय. ती म्हणाली, लिहून घेतलं होतं, पण खरंच होतं हे माहीत नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, तुला काय आलं? परीक्षक खिडकीपाशी पाठमोरे होते. मी नाव सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, गेल्या वेळी नावानंच घोळ झाला होता म्हणून. मी फक्त बर्फाकडे मान हलवली. पद्मा हुशारच होती, तिला कधी गरज पडली नव्हती एवढंच. तिनं बर्फ घेतला, नळी थंड केली, नायट्राइट घातलं आणि ते सगळं बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतलं. नळीत कुंकवासारखा गर्द केशरी-लाल रंग उसळला. पद्मा नळी उजेडात धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुढं तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या चेहऱ्यांवर शोधत राहिले. फार वेळा सापडलं नाही, पण सापडलं.

पुढं निकालात ती माझ्यावर होती. तोंडी परीक्षेत मी इंग्रजीत अडखळले, आणि तिला परीक्षकांनी हाताच्या हळदीबद्दल विचारलं तर तिनं रंग का बदलतो हेच सांगून टाकलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पद्माच्या लग्नाला जायचं की नाही यावर आमच्या घरी चर्चा झाली. आत्या म्हणाली, बोलावणं नाही, जाऊ नको. बाबा म्हणाले, जा, हाकलून दिलं तर परत ये. मी गेले आणि मांडवाच्या टोकाला, पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले. वर्गातल्या मुली पंगतीत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहून पुन्हा केळीच्या पानांकडे पाहिलं. पद्मानं मला पाहिलं. ती अक्षतांनी भरलेल्या डोक्यानं, नवऱ्याच्या उपरण्याला गाठ बांधलेली तशीच थांबली, त्यामुळे नवऱ्यालाही थांबावं लागलं. तिनं सासूला जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"हिच्यामुळं माझं लग्न मोडणार होतं. हिला आधी वाढा."